कर्तबगारांचा बर्नआउट व त्यावरील मानसोपचार (नाशिक)

कामाचा ताण उतरायला फुरसतच न मिळता वर्षानुवर्षे साचत गेला की येणाऱ्या थकव्याला बर्नआउट म्हणतात. पद, पैसा आणि नाव कमावलेल्या माणसांमध्ये तो उशिरा ओळखला जातो, कारण त्यांचे काम शेवटपर्यंत उत्तम चाललेले दिसते. टार्गेट पूर्ण होते, ऑडिट पार पडते, मुलाच्या फीचा हप्ता वेळेवर जातो. बिघाड आधी घरच्यांना जाणवतो : रात्री तीनला जाग, जेवताना हातात फोन, साध्या प्रश्नाला तुटक उत्तर. या नोंदीत अशा प्रौढांच्या ताण, चिंता व बर्नआउटवरील मानसोपचाराची माहिती नाशिक शहर व जिल्ह्याच्या संदर्भात दिली आहे.

संकल्पना

न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांविषयी लिहिताना ही संज्ञा शास्त्रीय लेखनात आणली. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून रात्री त्याच दवाखान्यात बसणारे फ्रॉइडेनबर्गर स्वतःही त्या थकव्यातून गेले होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये २२ विधानांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात बर्नआउटच्या तीन बाजू मोजल्या जातात : भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. कर्तबगारांच्या बाबतीत तिसरी बाजू फसवी असते. बाहेरून कौतुक होत असते आणि आतून माणूस स्वतःला नापास ठरवत असतो. आपले यश नशिबाने मिळाले, आज ना उद्या पितळ उघडे पडेल, या भीतीचे वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये केले. त्यांचा अभ्यास यशस्वी स्त्रियांवर होता. ही भीती पुरुषांनाही सोडत नाही हे नंतर दिसून आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाशी निगडित घटना म्हणून. त्यामुळे डॉक्टरांच्या फाइलवर बहुधा चिंताविकार, नैराश्य किंवा समायोजनाचा विकार (बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेताना होणारा त्रास) असे निदान लिहिले जाते. हा फरक कागदापुरता नाही. बर्नआउटची झळ मुख्यतः कामाशी बांधलेली असते, तर नैराश्य गाणे, नातवंड, आवडीचे जेवण अशा सगळ्याच गोष्टींची चव घालवते. मात्र पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर नकळत होते, आणि कित्येकदा दोन्ही एकत्रच नांदत असतात.

नाशिकमधील पार्श्वभूमी

नाशिकची ओळख तीर्थक्षेत्र, निवांत हवा आणि मुंबई-पुण्यापेक्षा कमी धावपळ अशी सांगितली जाते. इथल्या ताणाविषयी बोलायला हीच ओळख आड येते. ‘नाशकात कसला आलाय ताण?’ हे वाक्य पुण्याहून आलेला पाहुणा हमखास बोलतो. प्रत्यक्षात सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील वाहन व सुट्या भागांच्या कारखान्यांत क्वालिटी आणि प्रॉडक्शन सांभाळणाऱ्यांना शिफ्ट संपली तरी फोन सुटत नाही. कामाचे तास व जादा कामाचा मोबदला याविषयीचे कायद्यातील संरक्षण मुख्यतः कामगारांसाठी असते. व्यवस्थापकीय पदावर बढती मिळाली की सहसा तेही मागे पडते. ओझरच्या विमान कारखान्यातील अभियंते, कॉलेज रोड-गंगापूर रोड परिसरातील डॉक्टर, सीए आणि क्लासचालक, घरी बसून परदेशी वेळेनुसार काम करणारे आयटीवाले अशी ही यादी लांबवता येते. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक सकाळी मुंबई गाठतात आणि रात्री परततात. त्यांच्या दिवसाचे काही तास गाडीतच जातात, आणि ते हजेरीत धरले जात नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त विश्लेषणानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. नाशिकमधल्या अनेक लघुउद्योजकांना ५५ तास हा हलका आठवडा वाटेल.

निफाड-दिंडोरीच्या निर्यातक्षम द्राक्षबागायतदारांचा उल्लेख या विषयात क्वचितच होतो, तो व्हायला हवा. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतच्या चारेक महिन्यांत एक अवकाळी पाऊस डाउनी या बुरशीजन्य रोगाचा प्रादुर्भाव आणू शकतो. फवारणी वाढवावी तर औषधाचा अंश मालात राहण्याची भीती. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हाची आठवण जुने बागायतदार आजही काढतात. फुलोऱ्याच्या दिवसांत मध्यरात्री उठून हवामानाचे ॲप पाहणे ही अनेकांची सवय असते. हा माणूस पंचक्रोशीत ‘प्रगतशील शेतकरी’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे ‘मला झेपत नाही’ हे बोलायला त्याला जागा उरत नाही.

दवाखान्यापर्यंतची वाट

अशी माणसे पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जवळजवळ कधीच येत नाहीत. आधी ॲसिडिटीची गोळी होते, मग छातीत धडधडते म्हणून ईसीजी, मग स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी). सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की फिजिशियन हळूच विषय काढतात. या तपासण्या फुकट गेल्या असे मानू नये. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शाकाहारींमध्ये बी-१२ पाहणे, घोरणाऱ्याला झोपेत श्वास अडखळतो का हे तपासणे आवश्यकच आहे, कारण यांतला कोणताही दोष थकवा आणि चिडचिड घडवू शकतो.

पुढची अडचण शहराच्या आकाराची. नाशिक एवढे मोठे नाही की वेटिंग रूममध्ये ओळखीचे कुणी भेटणारच नाही. व्याही, डीलर, सोसायटीचे सेक्रेटरी, कुणीही समोर बसलेले असू शकते. म्हणून बरेचजण पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी ऑनलाइन बोलतात, तेही गाडी बाजूला लावून, काचा वर करून. उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचार करणाऱ्यांवर आहे. मालकाला किंवा एचआरला ती परस्पर देता येत नाही.

कोणाकडे जावे याचाही गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ते चाचण्या व मानसोपचार करतात. समुपदेशक ही पाटी मात्र अत्यल्प प्रशिक्षणावरही लावलेली आढळते, म्हणून पात्रता आणि अनुभव थेट विचारावा. चांगला समुपदेशक त्याचा राग धरत नाही.

उपचारपद्धती

सर्वाधिक वापर बोधात्मक वर्तनोपचाराचा (सीबीटी), म्हणजे त्रास देणारे विचार तपासून ते व वागणूक बदलण्याच्या पद्धतीचा होतो. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात त्याची मांडणी केली. त्याआधी, १९५०च्या दशकाच्या मध्यात, अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला होता. महाराष्ट्रात एलिस यांचा विचार रुजवण्यात मानसोपचारक कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. कर्तबगारांना एलिस चटकन पटतात, कारण ते ज्याच्यावर बोट ठेवतात तो ‘च’ यांच्या बोलण्यात पदोपदी असतो : मी पहिला आलोच पाहिजे, माझ्याकडून चूक होताच कामा नये. उत्तम काम व्हावे ही इच्छा ठेवायची आणि तिचा हट्ट सोडायचा, एवढे या उपचाराचे सूत्र आहे. ऐकायला सोपे, पण ज्याला या हट्टानेच कारकीर्द मिळवून दिली आहे त्याच्या गळी ते सहजासहजी उतरत नाही. ‘ताण गेला तर धारही जाईल’ ही शंका जवळपास प्रत्येकजण काढतो, आणि ती चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. तिची परीक्षा घ्यावी लागते.

समजा, अंबडच्या एखाद्या कारखान्यातील क्वालिटी मॅनेजर आहे. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये एक एनसी (निकषात न बसणारी त्रुटी) निघाला आणि त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. विचारनोंदीच्या तक्त्यात तो प्रसंग लिहितो, मनात आलेले वाक्य लिहितो (‘आता माझ्यावरचा विश्वास गेला’), भीती किती टक्के ते लिहितो. मग पुरावे : मागच्या ऑडिटमध्येही एनसी होते, ते मुदतीत बंद झाले, त्यानंतरच बढती मिळाली. शेवटी त्या वाक्याऐवजी जास्त खरे वाक्य. पुढच्या आठवड्यात प्रयोग : एक मेल चारऐवजी एकदाच वाचून पाठवायचा, एक दिवस साडेसहाला गेटबाहेर पडायचे, आणि काय बिघडते ते नोंदवायचे. बहुतेक वेळा फारसे काही बिघडत नाही. जे बिघडते तेही निस्तरता येते, आणि शिकायचे असते ते हेच.

अशा माणसाबरोबर उपचारकाला एका गोष्टीचे भान ठेवावे लागते : तो उपचारालाही टार्गेट बनवतो. विचारनोंद रंगीत एक्सेलमध्ये येते, ‘फाइव्ह व्हाय’ (पाचदा ‘का?’ विचारण्याची कारखान्यातली रीत) लावून सगळ्याचे एकच मूळ कारण शोधले जाते, तिसऱ्या सेशनला ‘माझी प्रगती बरोबर आहे ना, मॅडम?’ असे विचारले जाते. गृहपाठ चोख असतो आणि डोळ्यांत पाणी येण्याची वेळ आली की विषय बदलतो. अनुभवी उपचारक अशा वेळी मुद्दाम एखादा गृहपाठ अर्धवट करून आणायला सांगतात.

द्राक्षबागायतदाराचे तसे नाही. त्याची भीती खरी असते, पाऊस खरोखर येऊ शकतो. तिथे विचारांतली चूक शोधणे हा अपमान ठरेल. स्टीव्हन हेज यांनी विकसित केलेल्या स्वीकारावर आधारित पद्धतीचा, म्हणजे भीतीशी न झगडता तिला सोबत घेऊन महत्त्वाचे ते करत राहण्याचा, तिथे जास्त उपयोग होतो. थॉमस बोर्कोव्हेक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेला उपायही कामाचा : चिंतेसाठी दिवसाचा ठरावीक अर्धा तास राखून ठेवायचा, अवेळी आलेली चिंता टिपून त्या वेळेवर ढकलायची. हवामान सायंकाळी एकदा पाहायचे, फवारणीचा निर्णय तेव्हाच घ्यायचा, फोन झोपायच्या खोलीबाहेर.

अशा उपचारांत साधारणपणे आठवड्याला एक, ४५ ते ६० मिनिटांचे सेशन असते आणि बऱ्याच जणांना १२ ते २० सेशन्स लागतात. चिंता किंवा नैराश्य तीव्र असेल तर औषधे जोडली जातात. नैराश्यविरोधी गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात; त्या मनाने बंद करू नयेत. केमिस्टकडून ओळखीवर घेतलेली झोपेची गोळी हा मात्र घातक शॉर्टकट आहे, तिची सवय लागते.

इगतपुरी, सायकल आणि सुट्टी

नाशिकमध्ये थकलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो विपश्यनेचा. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेचे धम्मगिरी हे केंद्र इगतपुरीत १९७६ पासून आहे. दहा दिवसांचे मौन अनेकांना लाभते. पण शिबिर म्हणजे मानसोपचार नव्हे, आणि प्रवेश-अर्जात मानसिक आजार व चालू औषधांविषयी विचारलेले असते ते उगाच नाही. तीव्र नैराश्यात किंवा पॅनिकचे झटके येत असताना आधी डॉक्टरांशी बोलावे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम वेगळा आहे. तो रुग्णालयातच, उपचाराला जोड म्हणून आखला गेला.

व्यायामाचे वेडही इथे मोठे आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केल्यावर ते आणखी वाढले. नियमित व्यायामाने चिंता उतरते यात शंका नाही. पण पहाटेच्या राइडचा सरासरी वेग ॲपवर मित्रापेक्षा कमी आला म्हणून दिवस खराब जात असेल, तर ऑफिसातले ॲप्रेझल फक्त गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आले, एवढेच झाले. सुट्टीचेही असेच : तिचा गुण कामावर परतल्यावर थोड्याच आठवड्यांत ओसरतो.

मर्यादा व सोयी

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळे कामाचा भार, हाती नसलेले निर्णय, अन्याय, मोबदला, सहकारी आणि मूल्ये यांत दाखवली. दोन माणसांचे काम एकावर टाकून त्यालाच समुपदेशनाला पाठवणारी कंपनी स्वतःचा दोष त्याच्या माथी मारते. अशा ठिकाणी नोकरी बदलणे हाही उपचाराचा योग्य शेवट असू शकतो.

शासनाच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी (ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी) एकही नाशिकमध्ये नाही, पण या तक्रारींसाठी त्यांची गरजही क्वचितच पडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर सेशनच्या तारखेची वाट न पाहता तिथे किंवा जवळच्या रुग्णालयात लगेच संपर्क साधावा. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक केले आहे. तरीही अनेक पॉलिसींत दवाखान्यात दाखल होण्याचाच खर्च मिळत असल्याने आठवड्याच्या सेशनची फी बहुधा खिशातूनच भरावी लागते.