पुढं किती, मागं किती?

पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा नळी हातात घेऊन "किती मारू?" विचारतो आणि बहुतेक जण मोबाइलमधनं मान वर न काढता "मार की तीस-तीस" म्हणून मोकळे होतात. कोल्हापूरकरांचा गाडीवर जीव असतो, हे काही सांगायला नको. टायर बदलायची वेळ आली की चार दुकानं फिरतील, मित्रांना विचारतील, घासाघीस करतील. आतल्या हवेचं मात्र "असेल की बरोबर" एवढ्यावर भागतं. खरं तर गाडीचं ओझं मुख्यतः हवाच पेलते. रबराचं काम ती हवा कोंडून ठेवायचं आणि रस्ता धरायचं.

हिशेब सोपा आहे. सव्वाशे सीसीची गाडी धरा १२० किलो, वर बसणारा ७० किलो. या १९० किलोंपैकी मागच्या चाकावर अंदाजे ११० येतात. टायरात २८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ती जवळपास दोन किलो भार उचलते. म्हणजे ११० किलो तोलायला ५५ चौरस सेंटिमीटर जागा पुरते, एटीएम कार्डाहून थोडीशी मोठी. पुढच्या चाकाखाली तर जेमतेम कार्डाएवढीच. अंबा घाटातलं वळण घेताना, समोर एसटी आली म्हणून करकचून ब्रेक दाबताना, सगळी भिस्त या दोन तुकड्यांवर असते.

आता हवा २० पीएसआयवर उतरली तर तेच ओझं तोलायला ७८ चौरस सेंटिमीटर लागतात. टायर बसतो, जास्त रबर रस्त्याला टेकतं. मग बरंच झालं की! चिखलात किंवा वाळूत गाडी घालणारे म्हणूनच मुद्दाम हवा कमी करतात. डांबरी रस्त्यावर मात्र हा सौदा महागात पडतो. ताशी ६० किलोमीटरला अठरा इंची चाक सेकंदाला आठ-नऊ वेळा फिरतं, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला आठ-नऊ वेळा दबतो आणि सुटतो. रबर दबताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी सुटताना परत देत नाही, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. हवा कमी, तर दबणं जास्त आणि तापणंही जास्त. इंजिनाची ताकद त्यात जाते, म्हणजे पेट्रोल जातं. वळणावर टायर बाजूला कलतो, हँडल जड लागतं.

हे डोळ्यांनी बघायचं तर उद्यमनगरात एखाद्या पंक्चरवाल्यापाशी थांबा. कमी हवेवर बरेच दिवस पळवलेला टायर रिमवरून उतरवला की आतून काळी पूड पडते आणि बाजूच्या भिंतीला आतल्या अंगानं घासल्याचं गोल कडं दिसतं. ती पूड म्हणजे टायरचंच रबर. बाहेरून नक्षी शाबूत असली तरी असा टायर पुन्हा बसवू नये. आतले धागे दमलेले असतात. हवा जास्त झाली तर उलटं. टायर मधोमध फुगतो, टेकायची जागा घटते, मधला पट्टाच झिजून गोटा होतो आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट कमरेला कळतो.

मग बरोबर आकडा कुठला? तो गाडी बनवणाऱ्यानं ठरवलेला असतो आणि चेनकव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या कितीतरी गाड्यांना एकट्यासाठी पुढं २५ आणि मागं २८ च्या आसपास लागते. डबल सीट जायचं असेल तर मागचा आकडा वाढतो, कारण मागं बसणाऱ्याचं बहुतेक वजन मागच्याच चाकावर येतं. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा बघून तेवढी हवा भरणारेही भेटतात. तो आकडा त्या टायरच्या कमाल भारासाठीचा असतो, तुमच्या गाडीसाठीचा नव्हे.

आणि हे सगळे आकडे थंड टायरचे. गाडी निदान दोन-तीन तास उभी असावी. कोंडलेली हवा तापली की दाब वाढतो: वीस अंशांना २८ असलेला टायर चाळीस अंशांना जवळपास ३१ दाखवतो. मे महिन्यात पुणे हायवेवरून तापून आल्यावर काटा बघून "जास्त झाली" म्हणत हवा सोडली, की सकाळी टायर उपाशी. कोकणात उतरतानाची एक गंमतही सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे, त्यामुळं रत्नागिरीत बाहेरच्या हवेचा दाब इथल्यापेक्षा जवळपास एक पीएसआयनं जास्त असतो. काटा आतल्या-बाहेरच्या दाबांतला फरक मोजतो, म्हणून टायरातनं काहीही न गळता तिथं आकडा एकानं कमी दिसेल. तिथल्या उकाड्यानं तो थोडा भरूनही निघतो, तेव्हा काळजी करू नका.

नायट्रोजनबद्दल लोक हमखास विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. रबरातून ऑक्सिजन जरा लवकर झिरपतो, त्यामुळं नायट्रोजन थोडा जास्त टिकतो, एवढंच. रोज ऑफिस-बाजार करणाऱ्या गाडीला त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा पंधरा दिवसांनी हवा तपासावी.

टायर घेताना भिंतीवरची ओळ वाचायला शिका. ८०/१००-१८ ४७ पी असं असेल तर रुंदी ८० मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या शंभर टक्के, रिम १८ इंच. ४७ हा भाराचा सांकेतिक आकडा, म्हणजे १७५ किलो; पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. एका लांबट चौकटीत चार अंक असतात: २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात सूट देऊन गळ्यात मारला जाणारा टायर किती जुना आहे, ते इथं कळतं. फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही बघून घ्या, बसवणाऱ्याच्या भरवशावर राहू नका.

"भावा, मागं जरा जाड टायर टाकूया, नाद खुळा दिसतंय" हा सल्ला तर फुकट मिळतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि गोलाई बिघडते. मोटरसायकल वळते ती कलून, टायरच्या गोलाईवर. ती बिघडली की गाडी वळणात कलायला कुरकुरते. शिवाय चेनला घासण्याची भीती आहेच. दिसण्याचं म्हणाल तर खरंच भारी दिसतंय, ते नाकारत नाही.

शाळेत शिकलो की घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबराला हा नियम नीट लागू पडत नाही. रबर मऊ असल्यानं डांबरातल्या बारीक खडबडीत शिरतं, चिकटतं आणि दबून-सुटूनही पकड देतं. पाण्याचा किंवा चिखलाचा पातळ थर मध्ये आला की हे सगळं बिघडतं. टायरवरची नक्षी त्यासाठी असते, पाणी बाजूला काढायला. गगनबावड्याच्या पावसात ती खोल हवी, आणि ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातली माती रस्त्यावर आणली की त्यावर शिंतोडा पडल्यावरही. नक्षीच्या खाचांत रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

मागचा टायर लवकर झिजतो म्हणून लोक तो बदलतात आणि पुढचा वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. पुढच्याची नक्षी टिकते, पण रबर कडक होत जातं, बारीक भेगा पडतात. ब्रेक दाबला की वजन पुढं येतं, थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. मागचं चाक घसरलं तर कधीकधी सावरता येतं. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. पैसे कमी असतील तर चैन मागच्या टायरवर करू नये.

पंपावरचा काटा किती खरा, ही शंका असतेच, आणि तिथं पोचेपर्यंत टायर थोडा तापलेलाही असतो. म्हणून खिशात मावेल असा काटा घ्यावा आणि सकाळी घरासमोरच मोजावं. समजा सकाळी मागं २५ दिसली आणि हवी २८. पंपावर पोचल्यावर तुमचाच काटा २६ दाखवतोय, तर २८ नाही, २९ होईपर्यंत मारायला सांगा. कमी होती तेवढीच, तीन पीएसआय, आत गेली पाहिजे.