मुरूम आणि त्यांचे व्रण : केमिकल पीलची पार्श्वभूमी

आम्लाने त्वचेचा वरचा थर उतरवून खालून नवी त्वचा येऊ देण्याच्या उपचाराला, म्हणजेच केमिकल पीलला, वैद्यकीय बैठक मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांच्या त्वचेवरील परिणामांचे वर्णन केले. आजच्या पीलमधली बरीचशी द्रव्ये तीच आहेत.

मुरमांच्या खड्ड्यांसाठी न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ जॉर्ज मॅकी १९०३ पासून फिनॉल वापरत होते, पण त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते थेट १९५२ मध्ये. फिनॉल खोलवर पोहोचते, हेच त्याचे बळ आणि हाच त्याचा धोका : रक्तात शोषले गेल्यास ते हृदयाची लय बिघडवू शकते आणि त्वचेचा रंग कायमचा फिका करू शकते. म्हणून पुढच्या संशोधनाचा भर सौम्य आणि आटोक्यात राहणाऱ्या उपायांवर राहिला. त्वचारोगतज्ज्ञ मॅक्स जेस्नर यांच्या द्रावणात रिसॉर्सिनॉल, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्ल एकत्र येतात, त्यामुळे प्रत्येकाचे प्रमाण कमी ठेवता येते. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा उपयोग दाखवला तो त्वचा खवल्यांसारखी होण्याच्या इक्थिओसिस या विकारात. ग्लायकॉलिक आम्ल याच गटातले; त्याचे पील त्याच वाटेने पुढे आले.

चालू मुरूम आणि जुना व्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते रुग्णाला हा फरक आधीच समजावून सांगायला हवा. सॅलिसिलिक आम्ल तेलात मिसळते, त्यामुळे तुंबलेल्या रंध्रात शिरून ते तिथला कोंडा सैल करते. खोल खड्ड्याच्या तळाशी मात्र असे वरवरचे पील पोहोचत नाही. अरुंद, खोल खड्ड्यांसाठी कोरियातील डॉक्टरांनी २००२ मध्ये ‘क्रॉस’ पद्धत मांडली. तीत ६५ ते १०० टक्के तीव्रतेचे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल टोकदार काडीने फक्त खड्ड्यातच दाबून लावतात, म्हणजे आतल्या भिंतींत नवे कोलॅजन (त्वचेला आधार देणारे प्रथिन) तयार होऊन खड्डा हळूहळू भरतो आणि आजूबाजूची त्वचा सुरक्षित राहते.

गडद वर्णाच्या रुग्णांचा वेगळा विचार उशिरा सुरू झाला, याची खंत वाटते. अशा त्वचेत दाह झाला की काळे डाग उमटण्याची शक्यता अधिक असते, आणि मुरमांहून हे डागच अनेकांना जास्त काळ छळतात. २० ते ३० टक्के सॅलिसिलिक पील गडद त्वचेवर वापरण्याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे उना यांच्या वर्णनानंतर शतकाहून अधिक काळाने.