ब्लॉग कुठेही ठेवा, डोमेन मात्र स्वतःच्या नावावर घ्या

ब्लॉग सुरू करायचा म्हणून आमच्या दुकानात येणारे बहुतेक जण आल्याआल्या विचारतात, "होस्टिंग कुठलं घेऊ? तीन वर्षांचं पॅकेज स्वस्त पडतंय, घेऊन टाकू का?" होस्टिंग म्हणजे ब्लॉग ठेवायची इंटरनेटवरची जागा. त्या प्रश्नाचं उत्तर पुढे दिलंय आणि ते फार अवघड नाही. आमचे तासन्‌तास जातात ते डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे हे शोधण्यात. ते आधी विचारणारं मात्र क्वचितच कुणी भेटतं.

गेल्या पावसाळ्यात कोथरूडहून एक काकू आल्या. वेताळ टेकडीवरच्या पक्ष्यांबद्दल त्या चार वर्षं लिहीत होत्या. एका सकाळी ब्लॉग उघडला तर तिथे भलत्याच जाहिरातींचं पान. पैसे भरल्याचा पुरावा म्हणून त्यांनी एक प्लॅस्टिकची फाईल पुढे केली. त्यात सगळे व्यवहार वर्षवार लावलेले होते. दर वर्षी पैसे त्यांनीच दिले होते, ज्या मुलाने ब्लॉग करून दिला त्याला. आम्ही डोमेनच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला, तर ईमेल त्या मुलाचा, मोबाईल नंबरही त्याचाच आणि तो नंबर आता बंद. पैसे काकूंचे, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं! लेख ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या मोफत ब्लॉगसेवेवर, त्यांच्या स्वतःच्या जीमेलखाली होते, म्हणून एकही हरवला नाही. ब्लॉगरने दिलेल्या जुन्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर सगळे परत दिसू लागले. पण चार वर्षं लोकांना पाठवलेल्या लिंका मात्र गेल्या त्या गेल्याच.

डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की नाव लगेच जात नाही. आधी नोंदणी करणारी कंपनी काही दिवसांची सवलत देते. ती जास्तीत जास्त ४५ दिवसांची असते, पण सगळ्याच कंपन्या तेवढी देत नाहीत. त्यानंतरच्या ३० दिवसांत नाव सोडवता येतं, पण वेगळा दंड भरून. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर ते नाव कुणीही घेऊ शकतं. म्हणजे हाताशी वेळ असतो, फक्त सूचनेचा ईमेल तुमच्यापर्यंत पोचायला हवा.

तेव्हा नोंदणीला ईमेल द्याल तो स्वतःचा आणि रोज उघडला जाणारा द्या. ऑफिसचा नको, निवृत्तीनंतर तो बंद होतो. मुलाचा किंवा भाच्याचा नको. आणि त्याच डोमेनवरचा तर अजिबात नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना येणार तरी कुठे?

'ऑटो-रिन्यू चालू आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी आधी बँकेत मंजुरी नोंदवावी लागते. ती नसली तर पेमेंट नाकारलं जातं. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, आम्हीही फोन करतो.

आम्ही डोमेनचे पैसे रोख घेत नाही, यावरून काही जण नाराज होतात. "तुम्हीच करून टाका ना, आमचा विश्वास आहे," असं प्रेमाने म्हणतात. तो विश्वास आम्हाला मोलाचा आहे. पण उद्या आमचं दुकान हललं, तर तुमचं नाव आमच्या खात्यात अडकायला नको. म्हणून खातं तुमच्या ईमेलवर, ओटीपी तुमच्या फोनवर, पैसे तुमच्या कार्डावरून. आम्ही शेजारी बसून करवून घेतो. जोडणीचे एकदाच १,५०० रुपये घेतो, डोमेनवर कमिशन ठेवत नाही.

आता होस्टिंग. फक्त लेख आणि थोडे फोटो असतील तर ब्लॉगर पुरे. जागेचं भाडं नाही, अपडेटची कटकट नाही, स्वतःचं डोमेनही जोडता येतं. जोडताना डोमेनच्या खात्यात दोन सीनेम नोंदी (डोमेनला ब्लॉगशी जोडणाऱ्या ओळी) कराव्या लागतात. दुसरी नोंद निरर्थक अक्षरांची दिसते, म्हणून कृपया ती कचरा समजून काढू नका. वर्डप्रेस डॉट कॉम ही दुसरी ब्लॉगसेवा दिसायला देखणी आहे, पण तिथे स्वतःचं डोमेन लावायचं तर पैसे भरावेच लागतात. स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस तेव्हाच घ्या, जेव्हा प्लगिनचे (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांचे) अपडेट आणि बॅकअप नियमित बघणारं कुणी असेल. तसं कुणी नसेल तर आम्ही वार्षिक देखभाल करतो, पण साध्या ब्लॉगला त्याची गरज नसते, हे आम्ही समोरच सांगतो. घरात कुणी प्रोग्रामिंगवालं असेल तर गिटहब पेजेस ही साइट ठेवायची सोयही छान, तयार साइट १ जीबीच्या आत बसायला हवी एवढंच. तीन वर्षांचं पॅकेज आत्ता राहू द्या. आधी वीस लेख लिहून व्हावेत. पहिल्या खेपेचा स्वस्त दर नूतनीकरणाच्या वेळी बहुधा तसा राहत नाही, तो आकडाही आधी विचारून घ्या.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेले जुने लेख तसेच चिकटवले तर गिचमिड दिसते, आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलावे लागतात. ते काम आम्ही करतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं एकेक ओळ वाचून तपासतो, त्यामुळे वेळ लागतो, घाई करू नका. वर्डप्रेसवर लेखाचं शीर्षक मराठीत ठेवा, पण पर्मालिंक, म्हणजे त्या लेखाचा पत्ता, लेख प्रकाशित करण्याआधीच रोमन अक्षरांत लिहा. नाहीतर ती लिंक व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची लांबलचक माळ होऊन जाते.

आधीच डोमेन असेल तर येण्यापूर्वी घरी एवढं करून बघा: नोंदणीच्या कंपनीच्या साइटवर 'पासवर्ड विसरलो' दाबा आणि ईमेल कुणाकडे येतो ते पाहा. तुमच्याकडे आला तर उत्तम. दुसऱ्या कुणाकडे गेला, तर त्या व्यक्तीशी संबंध चांगले असतानाच तिला सोबत घेऊन या, अर्ध्या तासात खातं तुमच्या नावावर करून देऊ. नवीन डोमेन घ्यायचं असेल तर मोबाईल, कार्ड आणि मनात योजलेली तीन नावं आणा, पहिलं बऱ्याचदा आधीच गेलेलं असतं.