ब्रेकमधली चमचाभर हवा

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा बाहेर काढण्याला गॅरेजमध्ये 'एअर काढणं' म्हणतात. एक जण सीटवर, दुसरा चाकापाशी पाना घेऊन आडवा. परवा माझ्या गाडीत पेडलवर पुतण्या होता आणि तासभर आमच्यात तीनच शब्द चालले होते: "दाब", "धर", "सोड".

पेडलचा जोर चाकापर्यंत नेतं ते नळ्यांत कोंडलेलं ब्रेक ऑइल. ते दाबलं तरी जवळपास आक्रसत नाही, म्हणून दाब चारही चाकांशी जसाच्या तसा पोहोचतो. पास्कलचा शाळेतला नियम तो हाच. हवा मात्र आक्रसते. समजा, नळीत चहाच्या चमच्याएवढी, म्हणजे 5 मिली हवा शिरली. जोरात ब्रेक दाबल्यावर ती चिरडून नाहीशी झाल्यासारखीच होते आणि ती जागा भरायला तेवढंच ऑइल पुढे ढकलावं लागतं. पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास 2 सेंमी धरला, तर त्यातला दट्ट्या दीड सेंमीहून जास्त सरकतो. पेडलची तरफ चौपट धरली, तर पाय सहा सेंमी फुकट खाली जातो. 'ब्रेक स्पंजी झालाय' म्हणतात ते हेच.

आता ते तीन शब्द. पुतण्यानं दाबून धरलं की मी निपल, म्हणजे चाकापाशी असलेला हवा सोडायचा छोटा स्क्रू, अर्धा फेरा सैल करायचो. पारदर्शक नळीतून बाटलीत आधी काळपट ऑइल आलं, मग सोड्यासारखे बुडबुडे. पेडल खाली जाऊ लागलं तरी पाय उचलायचा नाही. मी निपल आवळून "सोड" म्हणेपर्यंत नाही. निपल उघडा असताना पेडल वर आलं, तर काढलेली हवा आत ओढली जाते. पुतण्यानं एकदा घाई केलीच. ते चाक पुन्हा पहिल्यापासून! वरच्या टाकीतलं ऑइल तळाला गेलं तरी हीच गत, म्हणून मधूनमधून भर घालायची.

चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत पाहावा; एबीएसवाल्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) काही गाड्यांना तर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो. जॅकवर विसंबू नका, खाली घोडी, म्हणजे आधाराचा स्टँड, लावा.

बाटलीतलं ऑइल परत वापरायचं नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हमी 155 वर येते. आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर तापलेल्या कॅलिपरमध्ये (चाकापाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागात) त्यातल्या पाण्याची वाफ होऊ शकते, आणि वाफही हवेसारखीच आक्रसते.