सैनिक व माजी सैनिकांतील आत्महत्या-प्रतिबंध : शासकीय सुधारणा आणि ग्रामीण विदर्भ

सैन्यदले व केंद्रीय सशस्त्र पोलीस दले यांतील जवानांच्या, तसेच माजी सैनिकांच्या आत्महत्या टाळण्यासाठी कायदा, आरोग्यसेवा, रजा आणि तक्रार-निवारण यांत शासनाने केलेले बदल. विदर्भाच्या खेड्यांत हा विषय शेतीपासून वेगळा काढता येत नाही. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत परतलेला शिपाई पुष्कळदा कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू शेतीतच उतरतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये लष्कराने दिलेल्या माहितीनुसार, २००१ पासून आत्महत्या व स्वतः करून घेतलेल्या इजांमुळे दरवर्षी सरासरी १०० ते १४० सैनिकांचा मृत्यू झाला. अशा मृत्यूंत लष्करी इतमामात अंत्यसंस्कार होत नाहीत. गावात त्याचा अर्थ काय लावला जातो, हे घरच्यांना सोसावे लागते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत २०२० ते २०२४ या पाच वर्षांत ७३० आत्महत्यांची नोंद झाली. त्यांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये कृतिदल नेमले. जवानाला वर्षातून १०० दिवस कुटुंबासोबत घालवता यावेत, असे धोरणही जाहीर झाले. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील तैनातीत ते पाळणे अर्थातच सोपे नाही.

ताणाचे मूळ सीमेवरच असते असे नाही. बांधाचा वाद, वाटणी, सातबाऱ्यावरील नाव, अडलेला फेरफार ही प्रकरणे जवान दूर असताना गावी चालू राहतात, आणि तलाठी कार्यालय व तहसील यांच्या चकरा त्याच्या पत्नीला किंवा म्हाताऱ्या वडिलांना माराव्या लागतात. या दुखण्यावरचा एक जुना शासकीय उपाय भारतीय सैनिकांच्या दाव्यांविषयीच्या १९२५ च्या कायद्यात आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा सैनिक दिवाणी किंवा महसुली दाव्यात हजर राहू शकत नसेल, तर जिल्हाधिकारी तसे न्यायालयाला प्रमाणित करून कळवू शकतो आणि कामकाज स्थगित ठेवता येते. पुढे संरक्षणमंत्र्यांनीही मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून सैनिकांच्या कुटुंबांच्या तक्रारींकडे जिल्हा प्रशासनाने संवेदनशीलतेने पाहावे, अशी विनंती केली. समुपदेशनाइतकीच ही महसुली बाजूही प्रतिबंधाचा भाग मानायला हवी; चर्चेत मात्र ती क्वचितच येते.

कायद्यातील मोठा बदल मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने केला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील जुने कलम ३०९ उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय राहिला. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ६४ मध्ये मात्र असा प्रयत्न अजूनही गुन्हा आहे. त्यामुळे जे दुखणे गावात वैद्याकडे न्यायचे, ते पलटणीत शिस्तीच्या चौकटीत जाऊ शकते, ही विसंगती सुधारणांच्या वाटेत उभी आहे.

सेवेतील उपायांमध्ये प्रशिक्षित समुपदेशक, ‘मिलाप’ व ‘सहयोग’ हे ताण कमी करण्यासाठीचे प्रकल्प आणि मानसिक साहाय्य दूरध्वनी सेवा येतात. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात टेलि-मानस या केंद्र शासनाच्या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा सैन्यदलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला.

निवृत्तांसाठी २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे, तर कल्याणाचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे असते. दुसरीकडे, शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा सेविका घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे असलेल्यांचा शोध घेतात. शेती करणारा माजी सैनिक या दोन्ही व्यवस्थांच्या कक्षेत येतो, तरी त्याची कागदपत्रे दोन वेगळ्या कचेऱ्यांत राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या व्यवसायवार आकडेवारीतही माजी सैनिकांचा स्वतंत्र रकाना नाही. असा माजी सैनिक शेतकरी म्हणून किंवा निवृत्त म्हणून मोजला जातो. मेळघाटातील धारणीहून अमरावतीच्या कार्यालयात जायचे तर दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करावा लागतो, आणि घाट उतरून परत येण्यात अख्खा दिवस जातो. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही चोवीस तास चालू असतो. पण मेळघाटातील काही गावांत तो लावण्यासाठी आधी रेंज मिळणाऱ्या टेकडीपर्यंत जावे लागते.