एका जिवाणूच्या मागे

पाण्याच्या थेंबातले ई. कोलाय जिवाणू सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर आधी नुसती धांदल दिसते. एखाद्यावर नजर ठेवावी, तर क्षणात तो वर-खाली सरकून धूसर होतो. हॉवर्ड बर्ग यांना मात्र एकच जिवाणू हवा होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

बर्ग मुळात भौतिकशास्त्रज्ञ. हार्वर्डमधली त्यांची पीएच.डी. हायड्रोजन मेसरवरची, म्हणजे अणुघड्याळांशी नातं सांगणारी. जीवशास्त्राकडे वळल्यावर त्यांनी स्वतःच एक सूक्ष्मदर्शक बांधला. जिवाणू सरकला, की हे यंत्र पाण्याची कुपीच उलट दिशेला सरकवायचं. जिवाणू भिंगाखाली जागच्या जागी, आणि कुपी किती हलली याची नोंद म्हणजेच त्याचा मार्ग!

१९७२ साली डग्लस ब्राउन यांच्यासह त्यांनी हे मार्ग प्रसिद्ध केले. साधारण एक सेकंद सरळ धाव, सेकंदाच्या दहाव्या भागाची गिरकी, मग नव्याच कुठल्यातरी दिशेला धाव. दिशा निवडलेली नसते. अन्नाकडे जाणारी धाव तेवढी लांबते, उलटीकडची नेहमीइतकीच राहते. एवढ्या एका फरकावर जिवाणू अन्नापर्यंत पोचतो. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की त्याला वळायचं कुठे हे कधीच कळत नाही, आणि कळण्याची गरजही पडत नाही.

पण आपण अन्नाकडे चाललोय, हे तरी त्याला कसं कळतं? शरीर जेमतेम दोन मायक्रॉनचं. त्याच्या दोन टोकांपाशी रेणूंच्या संख्येत पडणारा फरक अगदी किरकोळ. म्हणून तो आत्ताची तुलना मघाच्याशी करतो. बर्ग यांच्या प्रयोगशाळेनं १९८६ मध्ये ही स्मृती मोजली: गेल्या एका सेकंदाची तुलना त्याआधीच्या तीन सेकंदांशी. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी चार सेकंदांची आठवण आहे.

आणि तो पोहतो कसा? त्याच्या आकाराला पाणी काकवीहून दाट. थांबला, की अणूच्या रुंदीएवढंही अंतर न घसरता थांबतो. शेपटीसारखे धागे, म्हणजे कशाभिका, चाबकासारख्या लहरतात असा समज होता. १९७३ मध्ये बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी मांडलं, की त्या मुळापासून गरागरा फिरतात. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी कशाभिका काचेला चिकटवली, तेव्हा अख्खा जिवाणूच तिच्याभोवती फिरू लागला.

कशाभिकेच्या मुळाशी तिला फिरवणारी प्रथिनांची मोटर असते, सुमारे ४५ नॅनोमीटर रुंद. बर्ग २०२१ मध्ये वारले, ८७व्या वर्षी. त्याआधी आठ वर्षं त्यांच्या गटानं दाखवलं होतं, की भार वाढला की ही मोटर चालता चालता स्वतःला आणखी प्रथिनं जोडून घेते.