अतिवास्तववादी फोटो म्हणजे डार्करूममधली करामत?

‘अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखे, तर्कापलीकडचे) फोटो म्हणजे डार्करूममधली जोडाजोड, खऱ्याखुऱ्या नोंदीशी त्याचा संबंध नाही,’ हा समज जुना आहे. आणि साहजिकही, कारण गाजले ते तसलेच फोटो.

पण पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाचं जून १९२६चं मुखपृष्ठ बघा. बास्तीय चौकात घोळका उभा आहे, माना वर, बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ग्रहण पाहायची काच. सूर्य चौकटीबाहेर राहिलाय, म्हणून दृश्य इतकं गूढ वाटतं! प्रत्यक्षात ती एप्रिल १९१२च्या सूर्यग्रहणाची साधी नोंद. बदलली ती फोटोखालची ओळ: ‘शेवटची धर्मांतरं’.

पडताळायचं असेल तर संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरची मूळ प्रिंट आणि मुखपृष्ठ शेजारी ठेवा. तीच माणसं, त्याच टोप्या, तेच वर धरलेले हात.